फरशीवरचं अख्खं पाऊल

माझ्या लेकीच्या पावलाला कमान नाही. ओल्या पायांनी ती न्हाणीघरातून बाहेर आली की फरशीवर अख्खं पाऊल उमटतं, टाचेपासून बोटांपर्यंत सलग. माझं तसं उमटत नाही. आतल्या बाजूला मध्ये रिकामी जागा राहते, दिवाळीत मुठीनं काढतो त्या लक्ष्मीच्या पावलांसारखी. सासूबाईंच्या लेखी लेकीचा हा दोष वेगळ्याच खात्यात जमा होतो, पण तो विषय मी इथे काढत नाही.

गेल्या वर्षी तिला जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला घातलं. तिनंच हट्ट धरला होता. सोफ्यावरून, खिडकीच्या कट्ट्यावरून, जिन्याच्या चौथ्या पायरीवरून उड्या मारून झाल्या होत्या, आता निदान खाली गादी तरी असेल म्हणून मीही कबूल झाले. तीन आठवड्यांनी सरांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "मॅडम, छंद म्हणून ठीक आहे. पण पाय फ्लॅट आहेत तिचे. कॉम्पिटिशनचं वगैरे डोक्यात ठेवू नका." माणूस वाईट नव्हता, काळजीनंच सांगत होता. पण लेक माझ्या मागेच पाण्याची बाटली घेऊन उभी होती, आणि तिनं ऐकलं.

रिक्षात ती काही बोलली नाही. घरी येऊन मोजे काढले आणि बराच वेळ तळवे वर करून बघत बसली. त्या रात्री मी तिला जिम्नॅस्ट दीपा कर्माकरची गोष्ट सांगायला घेतली. ती सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मलाच ती नीट येत नाही. मला येत होती ती फक्त एका रात्रीची गोष्ट.

ती रात्र तुम्हालाही आठवत असेल. 14 ऑगस्ट 2016, रविवार. रिओ ऑलिंपिक, व्हॉल्टची फायनल, आणि त्यात आपली दीपा. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाची सुट्टी, म्हणून निम्मी सोसायटी जागी. ज्यांना व्हॉल्ट म्हणजे काय हे दोन दिवसांपूर्वी ठाऊक नव्हतं ते सगळे सव्वाअकरा वाजता टीव्हीसमोर बसून "लँडिंग महत्त्वाचं असतं हो" असं एकमेकांना सांगत होते. मी गप्प होते. कारण मला ठाऊक होतं. थोडंसं, पण होतं.

सांगलीत मी सात वर्षांची असल्यापासून व्यायामशाळेत जायचे. आधी दोरीचा मल्लखांब, मग जिम्नॅस्टिक्स. आमच्याकडे वरून उडी मारायला होता तो घोडा, चामड्याचा, एका बाजूला उसवलेला, आत काथ्या दिसायचा. पलीकडे दोन गाद्या. त्यांच्या मधली फट प्रत्येक उडीनंतर रुंदावायची आणि सर ती पायानं जवळ ढकलायचे. 1991च्या पावसाळ्यात हँडस्प्रिंग करताना माझा हात नेमका त्या फटीत गेला. मनगट मोडलं, प्लॅस्टर निघेपर्यंत शाळेचा अभ्यास वाढला, मग कुणी पुन्हा जा म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. अकरा वर्षांची होते. संपली कारकीर्द. जिल्हा पातळीवर एक ब्राँझ, त्याला लावलेली फीत अजून आईकडे कपाटात आहे.

तर त्या रात्री मला जे दिसत होतं ते बाजूला बसलेल्या नवऱ्याला दिसत नव्हतं. त्याला दिसत होती एक जेमतेम पाच फुटांची मुलगी, धावते, उडते, पडते. मी त्याला समजावलं ते असं. पंचवीस मीटरची धाव. शेवटी स्प्रिंगबोर्ड. पुढे सव्वा मीटर उंचीचं टेबल, ज्याला आम्ही अजून घोडाच म्हणतो. त्यावर दोन्ही हात क्षणभर टेकायचे आणि ढकलायचं. जे काही करायचं ते त्यानंतरच्या हवेत. फायनलमध्ये दोन वेगवेगळे व्हॉल्ट मारायचे, त्यांची सरासरी काढतात. प्रत्येक व्हॉल्टला दोन आकडे असतात. एक, तो किती कठीण आहे याचा, जो आधीच ठरलेला असतो. दुसरा, तो किती स्वच्छ मारला याचा, दहामधून वजा होत होत येणारा. म्हणजे कठीण उडी मारून थोडी वाकडी उतरा, नाहीतर सोपी मारून खिळा ठोकल्यासारख्या उभ्या राहा.

दीपानं पहिला रस्ता घेतला होता. तिचा दुसरा व्हॉल्ट होता प्रोदुनोवा. रशियाच्या येलेना प्रोदुनोवानं 1999 साली तो पहिल्यांदा मारला, म्हणून तिचं नाव. टेबलावर हात टेकून पुढच्या बाजूला हवेत दोन कोलांट्या आणि मग पायांवर. बाकीच्या बऱ्याच व्हॉल्टमध्ये शरीर मागे फिरतं, त्यामुळे जमीन डोळ्यांना आधी दिसते आणि पाय नंतर टेकतात. प्रोदुनोवामध्ये उलटं. पुढे फिरताना जमीन दिसायची वेळ आणि टेकायची वेळ जवळजवळ एकच. आंधळं लँडिंग. फिरणं अर्धवट राहिलं तर मानेवर किंवा पाठीवर. म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला मृत्यूचा व्हॉल्ट म्हटलं आणि आपल्याकडच्या वाहिन्यांनी ते नाव आठवडाभर चावून चोथा केलं. त्या वेळच्या नियमांत त्याचं काठिण्य होतं 7.0. तोवर जगभरात स्पर्धेत तो उतरवलेल्या बायका पाच, त्यांतली एक आगरतळ्याची.

पहिल्या व्हॉल्टला 14.866. मग प्रोदुनोवा. दोन फेरे पूर्ण झाले, पाय आले, पण ती इतकी खोल बसली की आता टेकली, टेकली... आणि उठली. 15.266. सरासरी 15.066.

स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरची सरासरी होती 15.216. ब्राँझ तिला. रशियाची मारिया पासेका रौप्य, आणि सगळ्यांच्या शेवटी येऊन सिमोन बाइल्सनं 15.966 असा आकडा लावला की बाकीच्यांचं भांडणच मिटलं. दीपा चौथी. फरक 0.150.

आपल्याकडे चौथ्या नंबराचं एक वेगळं देवघर आहे. रोममधला मिल्खा सिंग, लॉस एंजेलिसमधली पी. टी. उषा. त्या रात्री बारा वाजायच्या आत दीपाला तिथे बसवून आपण हळदकुंकू वाहिलं. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू. आणि सकाळी झेंडावंदनाला सगळे "शून्य पूर्णांक पंधरा" म्हणत होते. पुढे काय झालं तिचं, हे मात्र त्यातल्या एकालाही विचारलं तर सांगता येणार नाही. मलाही आलं नसतं.

लेकीला गोष्ट सांगायची म्हणून मग मी मागून आणि पुढून, दोन्हीकडून वाचत गेले.

मागे गेलं की पहिल्यांदा लागतात ते पायच. दीपाचा जन्म 9 ऑगस्ट 1993, आगरतळा. वडील दुलाल कर्माकर वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक, त्यांनीच तिला सहाव्या वर्षाच्या आसपास जिम्नॅस्टिक्सला घातलं. आणि तिचे तळवे सपाट. लेकीला हे सांगितल्यावर ती ताडकन उठून बसली. "माझ्यासारखे?" हो, तुझ्यासारखे.

सपाट पायाचं जिम्नॅस्टला नेमकं काय वाईट, हे मला आमच्या सरांनी शिकवलं होतं. पावलाची कमान म्हणजे शरीरातली स्प्रिंग. बोर्डावर पाय आपटला की ती दबते आणि उसळते, खाली उतरताना ती धक्का खाते. कमान नसेल तर उसळी कमी आणि सगळा धक्का वर घोट्याला, गुडघ्याला. बीमवर चालताना पाय लाकडाला धरून राहतो तोही त्या कमानीच्या जोरावर. म्हणजे आमच्या क्लासचे सर चूक बोलत नव्हते. फक्त त्यांनी वाक्य जिथे संपवलं तिथे दीपाच्या प्रशिक्षकांनी संपवलं नाही. आधी सोमा नंदी, मग त्यांचे पती बिश्वेश्वर नंदी. त्यांनी या मुलीच्या पायांवर कित्येक महिने मेहनत घेतली. निवृत्त होताना दीपानं जे लिहिलं त्यातही ती पाच वर्षांची दीपा होती, जिला सांगितलं गेलं होतं की अशा पायांनी जिम्नॅस्ट होता येत नाही. इतकी पदकं झाल्यावरही तिला ते वाक्य आठवत होतं. मी ते वाचलं आणि मला रिक्षातली माझी लेक आठवली.

आगरतळाच का, हाही प्रश्न मला पडला होता. आपल्याकडे जिम्नॅस्टिक्स म्हटलं की ठाणे, पुणे, संभाजीनगर आठवतं. त्रिपुरा कुठून आलं मध्येच? तर 1964 साली दलीप सिंग नावाचे एक प्रशिक्षक हरियाणातून तिथे गेले आणि तिथलेच झाले. त्यांनी घडवलेल्या मंटू देबनाथला 1975चा अर्जुन पुरस्कार मिळाला. बिश्वेश्वर नंदी हेही त्यांचेच शिष्य. एका माणसानं एका गावात रोज संध्याकाळी पोरं गोळा केली, की पन्नास वर्षांनी त्याचं काय होतं त्याचं हे उदाहरण. मल्लखांबाच्या गावातून आलेल्या मला हे पटायला जड गेलं नाही. आमच्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय, एक सर, एक खांब, चाळीस पोरं.

साधनं मात्र सांगलीपेक्षा बरी नसावीत. दीपाच्या सुरुवातीच्या सरावाबद्दल पुन्हा पुन्हा छापून आलंय की जुन्या स्कूटरचे सुटे भाग जोडून त्यांनी व्हॉल्टचं कामचलाऊ साधन केलं होतं. नवऱ्याला हे भारी आवडलं, भारतीय जुगाड वगैरे. मला आवडलं नाही. जुगाडाचं कौतुक त्यानंच करावं ज्याचं मनगट गाद्यांच्या फटीत गेलेलं नाही.

2010च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दीपा होती, पण रिकाम्या हातानं परतली. त्या स्पर्धेत आशिष कुमारनं रौप्य आणि ब्राँझ मिळवून भारताला जिम्नॅस्टिक्समधली पहिली राष्ट्रकुल पदकं दिली. पुढच्या वर्षी झारखंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिनं पाच सुवर्णं घेतली. पण देशात पहिलं येऊन भागत नव्हतं. बाहेरच्या मुलींशी स्वच्छतेत बरोबरी करायची तर त्यांच्यासारखे हॉल, त्यांच्यासारखी दहा-पंधरा वर्षं हवीत. काठिण्यात मात्र उडी मारून पुढे जाता येतं. नंदी सरांनी प्रोदुनोवा निवडला तो या हिशेबानं, असं मला वाटतं. वेडेपणा म्हणून त्याकडे बघतात, मला त्यात गरिबाचं गणित दिसतं. ज्याच्याकडे भांडवल कमी, त्यानं जोखीम जास्त घ्यायची.

गणित जमलं. 2014, ग्लासगो, राष्ट्रकुल स्पर्धेत व्हॉल्टचं ब्राँझ. भारतीय बाईचं जिम्नॅस्टिक्समधलं पहिलंच. 2015, हिरोशिमा, आशियाई ब्राँझ. त्याच वर्षी पुन्हा ग्लासगो, या वेळी जागतिक स्पर्धा, व्हॉल्टच्या फायनलमध्ये पाचवी. एप्रिल 2016मध्ये रिओच्या पात्रता स्पर्धेत 52.698 गुण आणि ऑलिंपिकचं तिकीट. त्याआधी ऑलिंपिकला गेलेले भारतीय जिम्नॅस्ट अकरा. 1952ला दोन, 1956ला तीन, 1964ला सहा, सगळे पुरुष. मग बावन्न वर्षं कुणी नाही. मग ही.

रिओत पात्रता फेरीतून आठवी येऊन ती फायनलला पोचली. मध्ये 9 ऑगस्टला तिचा तेविसावा वाढदिवस आला. नंदी सरांनी तिच्या फोनचं सिमकार्ड काढून ठेवलं होतं, आईवडिलांखेरीज कुणाशी बोलायचं नाही. लेकीला हा भाग सर्वांत भयंकर वाटला. मानेवर पडायच्या धोक्यापेक्षाही.

परत आल्यावर खेलरत्न, पुढे पद्मश्री. एम.ए.ची परीक्षा होती, ती आल्या आल्या जाऊन दिली. बीएमडब्ल्यू मिळाली, किल्ली सचिनच्या हातून. ती गाडी तिनं परत केली, कारण आगरतळ्यात तिची देखभाल कोण करणार आणि त्या रस्त्यांवर ती चालवणार कुठे. त्याऐवजी झेपेल अशी गाडी घेतली. या गोष्टीवर त्या वेळी लोक हसले होते. मला ती तेव्हाही आवडली होती. आपल्या गावचे रस्ते ठाऊक असणं ही काही लहान गोष्ट नाही.

इथपर्यंत सगळ्यांना थोडंफार ठाऊक असतं. याच्यापुढे मी लेकीला सांगत होते ते मीही पहिल्यांदाच वाचलेलं.

2017मध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं. एसीएल. शस्त्रक्रिया इथे मुंबईतच झाली. मी तेव्हा रोज ठाण्याहून लोकलनं दादरला जात होते आणि त्याच शहरात ती पाय वर करून पडली होती, ही बातमी माझ्या नजरेतून सुटली. सुटणारच. चौथा नंबर देवघरात बसवल्यावर देवाचा गुडघा दुखतो का हे कोण बघतं.

सव्वा वर्षानं, जुलै 2018मध्ये, तुर्कस्तानातल्या मर्सिन शहरात जागतिक चॅलेंज कपमध्ये व्हॉल्टचं सुवर्ण. जागतिक पातळीवरच्या स्पर्धेत भारतीय जिम्नॅस्टचं पहिलं सुवर्ण. तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? मला नव्हतं. पुढच्याच महिन्यात जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत गुडघा पुन्हा दुखला, व्हॉल्टची फायनल हुकली, तर ही बीमच्या फायनलमध्ये जाऊन पाचवी आली. बीम! दहा सेंटिमीटर रुंद लाकडी पट्टी. सपाट पायांचा सगळा हिशेब जिथे निघतो तिथे. नोव्हेंबरमध्ये जर्मनीत कॉटबुसला व्हॉल्टचं ब्राँझ. 2019च्या मार्चमध्ये बाकूला पुन्हा गुडघा. टोकियो ऑलिंपिक गेलं.

मग आणखी एक गोष्ट, जी लेकीला सांगावी की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. ऑक्टोबर 2021मध्ये स्पर्धेबाहेर घेतलेल्या तिच्या नमुन्यात हायजेनामाइन नावाचं बंदी असलेलं द्रव्य सापडलं. काही वनस्पतींमध्ये आणि त्यांपासून केलेल्या पूरक औषधांमध्ये ते असतं. नकळत पोटात गेलं, असं तिचं म्हणणं. एकवीस महिन्यांची बंदी, जुलै 2023पर्यंत. मी सांगितलं लेकीला. गोष्टीतला तेवढा भाग गाळून उरलेला खरा कसा ठरणार? लेकीनं विचारलं, "मग ती रोज काय करायची?" चांगला प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण ती काही बसून राहिली नसणार. बंदी संपली आणि त्याच महिन्यात आशियाई स्पर्धेच्या निवड चाचणीत ती पहिली आली. तरीही निवडीच्या निकषांत बसत नाही म्हणून तिला हांगझोला पाठवलं नाही.

तिशी आली. गुडघा दोनदा गेलेला. प्रोदुनोवाचं काठिण्य-मूल्य रिओनंतर नियमांत उतरवलेलं, म्हणजे ज्या जोखमीवर सगळं उभारलं त्या नाण्याचा भावच पडला. अशा वेळी माणूस घरी बसतो. शाल-श्रीफळ घेतो, उद्घाटनं करतो.

26 मे 2024, ताश्कंद, आशियाई अजिंक्यपद स्पर्धा. व्हॉल्टची फायनल. प्रोदुनोवा नाही. मृत्यू नाही, हेडलाइन नाही. दोन साधे, आवाक्यातले व्हॉल्ट, आवरून मारलेले. सरासरी 13.566. उत्तर कोरियाची किम सोन ह्यांग 13.466. फरक दशांशाचा, आणि या वेळी तो हिच्या बाजूनं. आशियाई अजिंक्यपद जिंकणारी पहिली भारतीय जिम्नॅस्ट.

तेही रविवारच होता. पण सोसायटीत कुणी जागं नव्हतं. म्हणजे जागे होते, आयपीएलची फायनल होती.

मी ती दोन्ही फायनलची दृश्यं नंतर पाठोपाठ पाहिली, रिओची आणि ताश्कंदची. एकच बाई आहे असं वाटत नाही. रिओत ती टेबलावर चाल करून जाते, डोकं खाली, खांदे पुढे, जणू दार फोडायचंय. ताश्कंदला धावते ती घरच्या गल्लीत धावल्यासारखी. प्रोदुनोवा नंदी सरांनी शिकवला असेल. स्वतःला पुरेल एवढंच मारणं मात्र तिला आठ वर्षांत त्या गुडघ्यानं शिकवलं. लोक मला म्हणतात तू उलटंच बोलतेस, पण माझ्या लेखी तिचा सर्वांत मोठा व्हॉल्ट ताश्कंदचा आहे.

आणि त्या गावाबद्दल सांगायलाच हवं, कारण ते गाव एका दुसऱ्या बाईचं आहे. ओक्साना चुसोव्हितीना. जन्म 1975, बुखारा. 1991मध्ये, माझं मनगट मोडलं त्याच वर्षी, इंडियानापोलिसच्या जागतिक स्पर्धेत ती सोव्हिएत संघाकडून फ्लोअरचं सुवर्ण घेत होती, वय सोळा. पुढच्या वर्षी तो देशच उरला नाही. बार्सिलोनाला संयुक्त संघाकडून सांघिक सुवर्ण, मग उझबेकिस्तानकडून तीन ऑलिंपिक. 2002मध्ये तिच्या लहानग्या मुलाला, अलिशेरला, रक्ताचा कर्करोग झाला. उपचारांसाठी ती जर्मनीत कोलोनला गेली, बक्षिसांच्या पैशांतून खर्च भागवला, पुढे जर्मनीकडून खेळली आणि 2008ला बीजिंगमध्ये तेहेतिसाव्या वर्षी व्हॉल्टचं रौप्य घेतलं. मुलगा बरा झाला.

ही गोष्ट जिथे तिथे "मुलासाठी" म्हणून सांगतात, आईचं काळीज वगैरे. मी आई आहे, मला काळजाबद्दल शिकवू नका. मुलगा बरा झाल्यावर पुढे तेरा वर्षं ती उड्या मारतच होती. 2021मध्ये टोकियोला वय सेहेचाळीस, आठवं ऑलिंपिक. तेरा वर्षं कुणी काळजासाठी उडत नाही. तिला उडायला आवडत होतं, बस.

रिओच्या त्या फायनलमध्ये तीही होती. एकेचाळिसाव्या वर्षी तिनंही प्रोदुनोवा मारला, जास्त फिरली, उतरून पुढे कोलांटी गेली, उठून उभी राहिली. सातवी. दीपापेक्षा अठरा वर्षांनी मोठी, व्हॉल्ट तोच. आणि 2024ला ताश्कंदच्या स्पर्धेतही ती उतरणार होती, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पॅरिसच्या तिकिटासाठी. सरावात दुखापत झाली आणि नाव मागे घ्यावं लागलं. पॅरिसला दोघीही गेल्या नाहीत. दीपाच्या सुवर्णाला तिकीट नव्हतं, ते सगळ्या साधनांचे गुण मिळून होते त्या सर्वसाधारण स्पर्धेत, आधीच पात्र ठरलेल्या सोडून, सर्वांत वर येणारीला होतं, आणि तिथे दीपा सोळावी होती.

7 ऑक्टोबर 2024ला दीपानं निवृत्ती जाहीर केली. नवरात्र चालू होतं. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोनवर ते वाचलं होतं, "अरेरे, ती चौथी आलेली ना" असं शेजारच्या टेबलावर म्हटलंही होतं, आणि डबा बंद केला होता. आता त्या वाक्याची लाज वाटते.

लेकीला ही सगळी गोष्ट सांगायला चार रात्री लागल्या. शेवटच्या रात्री तिनं विचारलं, "आई, तू परत का नाही गेलीस?" मी म्हटलं मनगट मोडलं होतं. ती म्हणाली, "ते तर बरं झालं ना?" मी दिवा बंद केला.

पुढच्या शनिवारी आम्ही क्लासला गेलो. मी सरांना एवढंच विचारलं की सपाट पायांसाठी काही व्यायाम असतील तर तिला द्या, घरी मी करून घेईन. सर जरा चपापले, मग खाली मॅटवर बसले आणि दाखवायला लागले. पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायचा. टाचा उचलून भिंतीला हात लावून उभं राहायचं, तीस आकडे. जमिनीवरच्या गोट्या बोटांनी उचलून वाटीत टाकायच्या. लेकीला गोट्यांचं फारच आवडलं.

आमच्याकडे आता रोज रात्री जेवणानंतर हॉलमध्ये टॉवेल अंथरलेला असतो. सासूबाई सोफ्यावर बसून मोजतात, आणि लेकीनं सत्तावीसला टाचा टेकल्या तर पुन्हा एकपासून सुरू करतात. मीही तिच्या शेजारी उभी राहते. माझ्या टाचा एकोणिसाला टेकतात. फरशीवर पाऊल अजून अख्खंच उमटतं. काल मी पुसायला गेले तर म्हणाली, थांब, आधी बघू दे.